परसबागेच्या सल्ल्याला स्वयंसेवक का लागले?

घरच्या बागेबद्दल लोकांना मोफत सल्ला द्यायचा आणि त्यासाठी सामान्य बागप्रेमींनाच शिकवून तयार करायचे, ही आज 'मास्टर गार्डनर' नावाने चालणारी पद्धत अमेरिकेतली. तिचा उगम ध्येयवादात कमी आणि सतत खणखणणाऱ्या फोनमध्ये जास्त आहे.

१९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने तिथे कृषी विस्तार सेवा उभी राहिली. विद्यापीठातले संशोधन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवणे हे तिचे काम. दुसऱ्या महायुद्धात घरोघरी भाजीचे वाफे निघाले तेव्हा याच सेवेने मार्गदर्शन केले, पण तिचा मुख्य गिऱ्हाईक शेतकरीच राहिला. पुढे उपनगरे पसरली. प्रत्येक घरापुढे हिरवळ आली, चार गुलाब आले आणि मागोमाग शंकाही आल्या.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यातल्या सिअ‍ॅटल-टाकोमा परिसरात वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे विस्तार अधिकारी डेव्हिड गिबी आणि बिल शीअर अशा शंकांच्या फोनांनी बेजार झाले होते. व्यावसायिक बागायतदारांकडे बघायला सवड उरेना. स्वयंसेवक तयार करण्याची त्यांची कल्पना विद्यापीठातल्या तज्ज्ञांना आधी पटली नाही. हौशी माणसे चुकीचे सल्ले देतील, ही भीती अगदीच अनाठायी नव्हती. मग १९७२मध्ये टाकोमाच्या मॉलमध्ये प्रायोगिक सल्ला केंद्र मांडले गेले. तिथली गर्दी पाहून विरोध निवळला आणि १९७३मध्ये पहिले प्रशिक्षण झाले. सौदा साधा होता: शिकवणी आम्ही देतो, बदल्यात ठरलेले तास तुम्ही लोकांसाठी द्या.

पर्यावरण सांभाळणारी 'शाश्वत' बाग हा विचार मात्र त्या वेळी केंद्रस्थानी नव्हता. प्रश्न बहुधा 'यावर काय फवारू?' असाच यायचा. पण वारे बदलत होते. १९७२मध्येच अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकाच्या बहुतेक वापरावर बंदी आली. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा, म्हणजे इतर उपाय आधी आणि फवारणी शेवटी, हा विचार हळूहळू प्रशिक्षणात मुरला. दुष्काळी कोलोरॅडोत डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेने १९८१मध्ये कमी पाण्याच्या बागेची संकल्पना पुढे आणली. एकेकाळी सर्रास वापरले जाणारे डायझिनॉन हे कीटकनाशक २००४च्या अखेरीस घरगुती वापरासाठी विकणे बंद झाले.

त्यामुळे सल्ला केंद्राच्या टेबलापलीकडच्या स्वयंसेवकाचे काम पालटले. कोणी पिशवीतून गुलाबाची डहाळी आणतो. कोवळ्या शेंड्यावर मावा ही रस शोषणारी कीड चिकटलेली असते. स्वयंसेवक भिंगातून आधी ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या आहेत का ते बघतो. असल्या तर सांगतो, थांबा, त्या मावा खाऊन टाकतील, औषध मारलेत तर त्याही मरतील. मग पाणी किती, नत्रयुक्त खत किती, असे प्रश्न सुरू होतात, कारण नत्र जास्त झाले की लुसलुशीत फूट येते आणि ती माव्याला आवडते. माझ्या मते प्रशिक्षणाचा खरा कस इथेच लागतो: औषधाचे नाव पाठ करता येते, 'काही करू नका' हे पटवून द्यायला अभ्यास लागतो.

आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कार्यक्रम आहेत. कंपोस्ट, आच्छादन आणि माती परीक्षण हे आता तिथले नेहमीचे विषय. पहिल्या तज्ज्ञांची ती भीतीही नियमांच्या रूपाने टिकून आहे. सल्ला संशोधनाच्या आधारावरच द्यायचा. ऐकीव घरगुती उपाय सांगायचे नाहीत, मग ते कितीही 'नैसर्गिक' असोत. आणि 'मास्टर गार्डनर' ही पदवी स्वतःच्या धंद्याच्या जाहिरातीसाठी वापरायची नाही.