सेन्सर धुण्यापूर्वीचे रीडिंग : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महिनाभरात खऱ्या किमतीपासून सरकलेले पीएचचे (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे) आकडे आमच्या सॉफ्टवेअरने दुरुस्त का होत नाहीत, असा प्रश्न पंचगंगेच्या काठावरील उपसा केंद्रांपासून साखर कारखान्यांच्या सांडपाणी प्रकल्पांपर्यंत सगळीकडून आम्हाला विचारला जातो. ते दुरुस्त होतात. परंतु त्यासाठी जे रीडिंग लागते, ते घेण्याआधीच सेन्सर धुतलेला असतो.

रीडिंग दोन कारणांनी सरकते. सेन्सरच्या काचेवर शेवाळ आणि गाळ बसतो, हे एक. आणि सेन्सरच्या संदर्भ इलेक्ट्रोडमधील (ज्याच्याशी तुलना करून पीएच मोजला जातो त्या भागातील) द्रावण हळूहळू पातळ होते, हे दुसरे. दोन्हींचा हिशोब वेगळा असल्यामुळे क्रम पाळावा लागतो. ज्या पाण्यात सेन्सर बसवला आहे त्याच पाण्याने बादली भरावी, न धुतलेला सेन्सर तीत बुडवून रीडिंग लिहावे, मग तो धुऊन त्याच बादलीत पुन्हा रीडिंग घ्यावे. या दोहोंतील फरक थरामुळे पडलेला असतो. त्यानंतर ७.०० आणि ४.०१ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएच असलेल्या द्रावणात, सेन्सर काय दाखवतो ते लिहावे आणि मगच कॅलिब्रेशनचे (सेन्सर बफरशी पुन्हा जुळवून घेण्याचे) बटण दाबावे. ते आधी दाबले की जुनी चूक किती होती हे शोधण्याचा मार्ग उरत नाही, आणि आमचा माणूस पुन्हा येऊनही ती सापडत नाही.

उदाहरणार्थ, ३० दिवसांनी स्वच्छ सेन्सरने ७.०० च्या बफरमध्ये ७.३० दाखवले, तर सॉफ्टवेअर ही ०.३० ची चूक दिवसांच्या प्रमाणात वाटते. म्हणजे दहाव्या दिवसाच्या आकड्यातून ०.१० आणि विसाव्या दिवसाच्या आकड्यातून ०.२० वजा होते. थराची चूक मात्र एखाद्या पुरात एकदम वाढलेली असू शकते, म्हणून ती कोणत्या दिवसापासून धरायची हे आम्ही आलेख पाहून ठरवतो.

आलेखातील प्रत्येक चढउतार सपाट करून मिळावा, अशी अपेक्षा काही ग्राहक ठेवतात. ती आम्ही नाकारतो. शेवाळलेल्या तलावात पीएच दुपारी वाढतो आणि रात्री उतरतो, पहिल्या पावसात नदीची गढूळता एकदम चढते. हे पाण्याचे खरे वागणे आहे आणि ते पुसण्याचा अधिकार आम्हाला नाही. मूळ नोंदही आम्ही कधी बदलत नाही. दुरुस्त आकडे वेगळ्या रकान्यात, कारण आणि तारखेसह येतात, त्यामुळे तपासणीच्या वेळी दोन्ही आकडे दाखवता येतात. नियामक मंडळाकडे थेट जाणाऱ्या आकड्यांना हे सॉफ्टवेअर हात लावत नाही.

वार्षिक देखभाल करार घेतलेल्या ग्राहकांकडे आमचा तंत्रज्ञ दर महिन्याला येतो, ही सर्व रीडिंगे स्वतः घेतो आणि बफरच्या बाटल्यांची मुदतही तपासतो. ज्यांना हे काम आपल्याच माणसांकडून करवून घ्यायचे आहे, त्यांना छापील नोंदवही आम्ही विनामूल्य देतो. तिचा पहिला रकाना ‘धुण्यापूर्वी’ हाच आहे.