वेबसाईट घरी बनवावी की डिझायनरकडून?

सिंहस्थ तोंडावर आला तशी नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या होमस्टेवाल्यांपासून भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या दुकानदारांपर्यंत सगळ्यांनाच वेबसाईटची घाई झाली आहे. घरातल्या एखाद्या भाच्याला हाताशी धरून स्वतः बनवायची, की कॉलेज रोडवरच्या डिझायनरला काम द्यायचं? बहुतेक जण याचं उत्तर पैशांत शोधतात: घरी केली तर फुकट, डिझायनरला दिली तर महाग. माझ्या मते हा हिशोब अर्धाच आहे.

घरी बनवलेली साईटही फुकट नसते. विक्स किंवा वर्डप्रेस डॉट कॉमवर तयार साचा निवडून दोन-तीन संध्याकाळींत पाच पानं उभी राहतात, हे खरं. पण स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, जोडायचं तर दरवर्षी वर्गणी भरावी लागते. शिवाय विक्सवर बांधलेली साईट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, वर्डप्रेसची नेता येते. अगदीच फुकटच्या सोयीवर धंदा टांगू नये. गुगलने बिझनेस प्रोफाइलसोबत दिलेल्या मोफत वेबसाईट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी स्वतःचं डोमेन घेतलंच नव्हतं, त्यांच्या व्हिजिटिंग कार्डांवर छापलेला पत्ता काही महिन्यांतच कुणाच्याच कामाचा राहिला नाही.

डिझायनरला काम दिलं म्हणजे आपण सुटलो, असंही नाही. मजकूर आणि फोटो तुम्हालाच द्यावे लागतात, आणि काम रखडतं ते बहुधा तिथेच. खोलीचं भाडं किती, गरम पाणी किती वाजता, कुशावर्त किती अंतरावर, गाडी लावायला जागा आहे का, हे डिझायनर कुठून लिहिणार? ‘आम्ही दर्जेदार सेवा देतो’ एवढंच लिहून तो पान भरतो, आणि ते वाचून कुणी खोली बुक करत नाही.

मराठी मजकुराची एक अडचण दोन्ही वाटांवर येते. पत्रकं छापणारे बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये काम करतात. तो मजकूर वेबसाईटवर चिकटवला की विचित्र चिन्हांची खिचडी दिसते, कारण वेबला युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखीच वाचता येणारी अक्षरं, लागतं. मग सोपा उपाय म्हणून अख्खं पत्रकच फोटो करून टाकलं जातं. दिसायला छान दिसतं, पण गुगलवर शोधणाऱ्याला त्यातला मजकूर सापडेल याचा भरवसा नाही, आणि फोन नंबरवर बोट टेकवलं तरी कॉल लागत नाही. तपासणं सोपं आहे: मोबाईलवर साईट उघडा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही, तर बहुधा ते चित्र आहे. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या, दुसरा इलाज शोधू नका.

फोटोंचंही तसंच. फोनवर काढलेला एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. असे दहा एका पानावर टाकले, तर गर्दीच्या दिवशी मंदिराजवळच्या अडखळत्या नेटवर्कवर ते पान उघडेपर्यंत यात्रेकरू दुसऱ्याला फोन लावून मोकळा होतो. चांगला डिझायनर ते दोन-तीनशे केबीवर आणतो. घरी करणाऱ्यानेही आणावेत, त्यासाठी मोफत साधनं आहेत.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते डोमेनबद्दल. होस्टिंग म्हणजे साईट जिथे ठेवतात तो भाड्याचा गाळा, उद्या बदलता येतो. डोमेन म्हणजे पाटीवरचं नाव. ते बऱ्याचदा डिझायनर स्वतःच्या खात्यातून घेतो. त्यात लबाडी असतेच असं नाही, त्याला ते सोयीचं पडतं. पुढे तो नोकरीला पुण्याला जातो, नंबर बदलतो, नूतनीकरणाचा मेल त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहतो. मुदत संपलेलं नाव ठरावीक काळानंतर कुणीही घेऊ शकतं. म्हणून डॉट इन घ्या की डॉट कॉम, खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईलवर आणि तुमच्या नावावर असू द्या. डिझायनरला हवा तेवढाच प्रवेश द्या.

मग कुणी काय करावं? होमस्टे, दवाखाना, क्लास, चिवड्याचं दुकान: पत्ता, दर, फोटो, नकाशा आणि व्हॉट्सअॅपचं बटण एवढंच लागतं, बेलाशक घरी करा. येवल्याच्या पैठणीवाल्याचं गणित वेगळं. हातमागावरची प्रत्येक साडी एकच नग. ती दुकानात विकली गेली की त्याच क्षणी साईटवरूनही उतरायला हवी, नाहीतर एकाच साडीचे पैसे दोघींकडून घेतले जातात. तिथे साठा, पेमेंट, परतावा, जीएसटीचं बिल सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. हे काम जाणकाराचंच, त्यात काटकसर करू नये.

मधली वाटही चांगली आहे. आधी साधी साईट स्वतः बनवा, काही महिने चालवा, व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा काय विचारतात ते वहीत टिपून ठेवा. ती वही घेऊन डिझायनरकडे जा आणि काम ठरवण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: डोमेन व होस्टिंगचे लॉगिन कुणाकडे राहणार, साईटचा बॅकअप मला मिळणार का, आणि दुसऱ्या वर्षापासून किती पैसे. पहिल्या वर्षाच्या सवलतीचा आकडा सगळेच ठळक सांगतात, दुसऱ्या वर्षाचा मात्र विचारूनच घ्यावा लागतो.