बूट चुकीचे, मोजे चुकीचे, आणि बाहेर उभं पोरगं : शाळेच्या युनिफॉर्म आणि शिक्षेची पार्श्वभूमी

जून उजाडला की ठाण्यात नौपाडा असो की घोडबंदर रोड, आणि खाडीपलीकडे ऐरोली असो की बेलापूर, शाळेच्या गेटवर पालकांची तीच कुजबुज सुरू होते. अमक्याच्या पोराच्या मोज्याला शाळेचा लोगो नव्हता म्हणून प्रार्थनेनंतर वर्गाबाहेर उभं केलं, तमकीच्या मुलीच्या रिबिनीचा रंग वेगळा होता म्हणून डायरीत शेरा आला. मग लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते शिस्त लागायलाच हवी, आम्ही काय कमी मार खाल्लाय, आणि दुसरी म्हणते पण यात पोराची काय चूक? हे भांडण दरवर्षीचं असलं तरी आजचं नाहीये, त्यामागे बराच इतिहास आहे.

युनिफॉर्म म्हणजे समानता असं आपण सहज बोलून जातो, पण त्याची सुरुवात तशी अजिबात नव्हती. इंग्लंडमध्ये १५५२ ला क्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा निघाली, गरीब आणि अनाथ पोरांसाठी, आणि तिथल्या पोरांना लांब निळा कोट आणि पिवळे मोजे देत. म्हणजे रस्त्याने चाललेलं पोरगं बघून कळावं की हे धर्मादायावर शिकतंय. श्रीमंतांच्या शाळांनी हा प्रकार खूप नंतर उचलला आणि मग तोच मानाचा झाला.

आपल्याकडे जुन्या मराठी शाळांत पोरं घरच्याच कपड्यात जायची, धोतर नाहीतर चड्डी, डोक्यावर टोपी, मुली परकर-पोलक्यात. तेव्हा भेद दाखवायला कपड्याची गरजच नव्हती, बसायची जागा पुरेशी होती. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसायचे हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर पांढरा शर्ट खाकी हाफ पँट आणि मुलींना निळा फ्रॉक किंवा स्कर्ट हे जे शाळाशाळांत पसरलं त्यामागची भावना खरी होती, वर्गात कोणाची जात आणि कोणाच्या बापाचा पगार अंगावर दिसू नये. शिवाय पांढरं आणि खाकी कापड कुठल्याही दुकानात मिळायचं, गल्लीतला टेलर शिवून द्यायचा आणि थोरल्याचं धाकट्याला चालायचं.

हे बिघडलं कुठे, तर माझ्या मते जेव्हा युनिफॉर्म टेलरकडून उठून ठरलेल्या दुकानात गेला तेव्हा. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० ला आली, वाशीपासून एकेक नोड (म्हणजे उपनगर) वसत गेला, तिथली महापालिका १९९२ ला झाली, आणि या काळात खासगी इंग्रजी शाळाही वाढत गेल्या, तिकडे ठाण्यातही घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले तशा शाळा उभ्या राहिल्या. मग टाय आला, बेल्ट आला, ब्लेझर आला (आपल्या हवेत ब्लेझर!), चार हाउसचे चार रंगांचे टी-शर्ट आले, पीटीचे पांढरे बूट वेगळे, रोजचे काळे वेगळे, आणि चेक्सचं कापड असं की ते एकाच दुकानात मिळणार. विशिष्ट दुकानाचीच सक्ती करू नका हे राज्य सरकारने शाळांना पुन्हा पुन्हा बजावलंय, सीबीएसईने पण एप्रिल २०१७ मध्ये शाळांना सांगितलं की आवारात पुस्तकं आणि युनिफॉर्म विकायचा धंदा बंद करा. शाळा आता सक्ती करतच नाहीत, फक्त यादीच्या खाली दुकानाचा पत्ता छापतात.

सरकारी आणि पालिकेच्या शाळांची गोष्ट याहून इंटरेस्टिंग आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन जोड, त्यासाठी ६०० रुपये, पण कोणाला, तर सगळ्या मुली, एससी-एसटीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं. म्हणजे एकाच बाकावर दोन मुलगे बसलेत, दोघांचे बाप एमआयडीसीत कामाला, एकाचं नाव यादीत आहे आणि दुसऱ्याचं नाही, कारण तो ओपनचा आणि घरचं रेशन कार्ड वेगळ्या रंगाचं. भेद दिसू नये म्हणून आणलेला कपडाच भेद करून वाटला जायचा, आणि मुख्याध्यापकांनी किंवा एखाद्या नगरसेवकाने पदरमोड करून बाकीच्यांचं भागवलं तर भागवलं. २०२३-२४ पासून राज्याने स्वतःचे पैसे घालून उरलेल्या मुलांनाही त्यात घेतलं, सोबत बूट-मोजे पण दिले, हे चांगलंच झालं.

पण मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की 'एक राज्य एक गणवेश'. अख्ख्या महाराष्ट्रात एकच रंग, आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, कापड वरून येणार, महिला बचत गट शिवणार. बचत गटांना काम हा विचार वाईट नव्हता. पण २०२४ ला शाळा जूनमध्ये सुरू झाल्या, स्वातंत्र्यदिन आला तरी कितीतरी ठिकाणी युनिफॉर्म पोचला नव्हता, आणि जिथे पोचला तिथे मापाची बोंब. पोराचं माप न घेता ठोक साइजमध्ये शिवलं की काय होणार, कुणाचा खांदा कोपरापर्यंत उतरतोय, कुणाच्या पँटचं बटण लागत नाही, आणि आई संध्याकाळी घरी उसवून परत टाके घालत बसलीय. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून युनिफॉर्म घ्यायचं काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. त्या वर्षात 'आज युनिफॉर्म का नाही घातला' हा प्रश्न मंत्रालयाला विचारायचा होता, पण विचारला गेला तो पोरांना.

युनिफॉर्मला माझा विरोध नाही, पण तो आणायची जबाबदारी पालकाची किंवा सरकारची असताना त्याची शिक्षा आठ वर्षांच्या पोराला का, एवढंच म्हणणं आहे. पीटीच्या दिवशी पांढरे कॅनव्हासचे बूट, जुलैचा पाऊस, रस्ता खोदलेला, पोरं गेटच्या आत आल्यावर खडूने बूट घासून पांढरे करतात आणि सर लाइनीतून फिरत बोटाने मोजा खाली करून बघतात. हे मी वाशीत पण बघितलंय आणि वागळे इस्टेटला पण.

आता शिक्षेचा भाग. पंतोजींच्या शाळेपासून वेताची छडी होतीच, नंतर अंगठे धरणं, कोंबडा, बाकावर उभं राहणं, मैदानाला चकरा. कायद्याने पण बराच काळ डोळे मिटले होते, जुन्या इंडियन पीनल कोडमध्ये मुलाच्या भल्यासाठी सद्‍भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण होतं आणि मास्तरांचे वकील तेच कलम पुढे करायचे. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली हायकोर्टाने तिथल्या शाळा नियमांतली छडीची तरतूद उडवली, आणि मग १ एप्रिल २०१० ला आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याचं कलम १७ सांगतं की मुलाला शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही, म्हणजे अख्ख्या वर्गासमोर अपमान करणं पण त्यात आलं. कलम १६ तर बहुतेक पालकांना माहीतच नसतं, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'दाखला हातात देईन' ही जी धमकी ऑफिसमधून येते ना, तिला आठवीपर्यंत कायद्यात काही आधार नाही.

पण गंमत अशी की आरटीई ६ ते १४ वयासाठी, म्हणजे नववी-दहावी त्याच्या बाहेर, आणि केस, नखं, स्कर्टची उंची यावरून सगळ्यात जास्त कटकट त्याच दोन वर्षांत होते. शिवाय २०१४ ला सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून बाहेर काढलं, आणि आपल्याकडे कॉन्व्हेंट धरून अशा शाळा थोड्या नाहीत. तिथे मुलांच्या संरक्षणाचा २०१५ चा जुवेनाइल जस्टिस कायदा उरतो, तो १८ वर्षांपर्यंत लागू आहे पण तो आठवतो प्रकरण पोलिसात गेल्यावर.

आणि प्रकरणं जातातच. २०१७ मध्ये विक्रोळीच्या एका शाळेत केस वाढले म्हणून पंचवीसेक मुलांचे केस शाळेतच कापले, अटक झाली. जुलै २०२५ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूरला बाथरूममध्ये रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे काढून तपासणी केल्याचा प्रकार झाला, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा लागला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वसईत सहावीतली मुलगी उशिरा आली म्हणून तिला पाठीवर दप्तर ठेवून १०० उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला, आणि काही दिवसांत ती दगावली. 'आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं' म्हणणाऱ्यांनी हे तीनही प्रकार एकदा सलग वाचावेत.

धर्माचा मुद्दा वेगळाच मोठा आहे, थोडक्यात सांगतो. १९८६ ला केरळच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राष्ट्रगीताला आदराने उभं राहून पण न गाणाऱ्या मुलांना शाळेतून काढता येणार नाही. कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले, त्यामुळे तो प्रश्न लटकलेलाच आहे. आणि चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, टोपी, बॅज यावर बंदी घातली तेव्हा हायकोर्टाने ती जून २०२४ मध्ये चालवून घेतली, पण ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी आणि बॅजपुरती ती थांबवली आणि विचारलं की मग टिळा-टिकलीवर पण बंदी घालणार का. त्याच २०२४ च्या मार्चमध्ये राज्याने शिक्षकांनाच ड्रेसकोड लावला, जीन्स-टीशर्ट नको, शर्ट इन केलेला हवा, तेव्हा मात्र स्टाफरूममधून अगदी बरोबर मुद्दे ऐकू आले, की कपड्यावरून शिकवणं ठरतं का आणि आम्हाला कोणी विचारलं का!

पोरांनाही तेच विचारायचं असतं, पण विचारणार कुठे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत निदान ७५ टक्के पालक असतात, मीटिंगला किती येतात ते सोडा. खासगी विनाअनुदानित शाळेला ती समिती लागू नाही. तिथे आरटीईने गरीब मुलांसाठी राखून ठेवलेल्या २५ टक्के जागांतून तुर्भे स्टोअर किंवा दिघ्याच्या वस्तीतून आलेल्या पोराची फी सरकार भरतं, राज्याचा दर १७,६७० रुपये वर्षाला, युनिफॉर्मही फुकट मिळायला हवा पण प्रत्यक्षात टाय-बूट-ब्लेझर बहुतेक वेळा आई-बापच घेतात. पालकांच्या हातात फक्त फी कायद्याखालची पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, तिची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात, आणि ती बनते शाळा सुरू झाल्यावर, तोवर युनिफॉर्म मे महिन्यातच घेऊन झालेला असतो.