झ्यूल फेरी

झ्यूल फेरी (५ एप्रिल १८३२ – १७ मार्च १८९३) : तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या (फ्रान्सची १८७०–१९४० मधील राजवट) काळातील फ्रेंच राजकारणी, दोनदा पंतप्रधान. फ्रान्समधील प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष करणारे कायदे त्यांच्या पुढाकाराने झाले.

पूर्व फ्रान्समधील सँ-दिए येथे जन्मलेले फेरी पेशाने वकील होते. पॅरिसची पुनर्रचना करणाऱ्या ओस्मान यांच्या आर्थिक व्यवहारांवर त्यांनी १८६८ मध्ये केलेली टीका गाजली आणि पुढच्याच वर्षी ते संसदेवर निवडून आले. प्रशियाच्या वेढ्यात (१८७०–७१) पॅरिसचा कारभार त्यांच्याकडे होता. तेव्हा पावावर रेशन लावावे लागल्याने ते लोकांच्या रोषाचे धनी झाले.

शिक्षणाचा ध्यास मात्र त्याआधीचा. एप्रिल १८७० मधील एका व्याख्यानात त्यांनी लोकशिक्षणाच्या प्रश्नाला वाहून घेण्याचा निर्धार जाहीर केला. मुलींना शिकवले नाही, तर त्या चर्चच्या प्रभावाखाली राहतील आणि नवऱ्याचे व बायकोचे जगच वेगळे होईल, असे त्यांनी त्यात बजावले. फेब्रुवारी १८७९ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. त्याच वर्षी प्रत्येक जिल्ह्यात शिक्षिकांसाठी अध्यापक विद्यालय काढणे बंधनकारक झाले, तर १८८० मध्ये मुलींच्या सरकारी माध्यमिक शाळांचा कायदा झाला. आधी शिक्षिका, मग सक्ती, हा क्रम दूरदृष्टीचा होता.

१६ जून १८८१ च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांची फी रद्द झाली. २८ मार्च १८८२ च्या कायद्याने ६ ते १३ वर्षांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे केले. सक्ती शिकण्याची होती, सरकारी शाळेत जाण्याची नव्हती. मूल खाजगी शाळेत किंवा घरीही शिकू शकत होते, पण घरी शिकणाऱ्याला दरवर्षी परीक्षा द्यावी लागे. अभ्यासक्रमातील धर्मशिक्षणाच्या जागी नीती व नागरिकशास्त्र आले. ज्यांना धर्मशिक्षण हवे, त्यांच्यासाठी रविवारखेरीज आठवड्यातला आणखी एक दिवस मोकळा ठेवला गेला.

कायद्यावरून पेटलेल्या वादात फेरी यांनी १७ नोव्हेंबर १८८३ रोजी शिक्षकांना पत्र लिहिले. वर्गात नीतीची एखादी गोष्ट सांगण्याआधी विचार करा, ती ऐकून एक जरी बाप प्रामाणिकपणे दुखावला जाणार असेल तर बोलू नका. अन्यथा निर्भयपणे बोला, असे त्यात होते. धर्मनिरपेक्ष शाळेची मर्यादा इतक्या सोप्या शब्दांत क्वचितच कुणी आखली असेल.

याच फेरी यांनी ट्युनिशिया आणि टाँकिन (उत्तर व्हिएतनाम) येथे फ्रेंच सत्ता लादली. टाँकिनमधील लँग-सॉनहून फ्रेंच सैन्याने माघार घेतल्याची बातमी येताच मार्च १८८५ मध्ये त्यांचे सरकार कोसळले. त्याच जुलैत संसदेत त्यांनी ‘श्रेष्ठ’ वंशांना ‘कनिष्ठ’ वंशांवर हक्क असतो असे मांडले. विरोधी खासदार क्लेमाँसो यांनी दोनच दिवसांत त्याचे कठोर खंडन केले, आणि ते रास्तच होते. फेरी यांची समता वसाहतींच्या वेशीवर थांबत होती.

१८९३ मध्ये सिनेटचे अध्यक्षपद मिळाल्यावर काही आठवड्यांतच त्यांचे निधन झाले. १५ मे २०१२ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे घेताना फ्राँस्वा ओलाँद यांनी फेरी यांच्या शैक्षणिक कार्याला आदरांजली वाहिली, आणि त्यांचे वसाहतवादाचे समर्थन ही नैतिक व राजकीय चूक होती, हेही त्याच भाषणात सांगितले.