डेकची सुरक्षा तपासणी

घराच्या भिंतीला जोडून, जमिनीपासून उंच, खांबांवर उभा केलेला उघडा लाकडी प्लॅटफॉर्म म्हणजे डेक, आणि तो माणसांचं वजन अजून नीट पेलतोय का हे ठराविक काळाने बघणं म्हणजे डेकची तपासणी. शब्द जहाजावरून घरी आलाय, मूळ जुन्या डचमधलं, अर्थ ‘आच्छादन’, असं बहुतेक कोशकार मानतात. घराचा डेक उत्तर अमेरिकेत साधारण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत पसरला असं धरतात, पण जुना पोर्च, म्हणजे घराला लागून असलेला छपराचा ओटा, कुठे संपला आणि डेक कुठे सुरू झाला हे काटेकोर सांगणं अवघडच.

डेक कशामुळे पडतात, यावर दोन मतं दिसतात. एक म्हणतं गर्दी झाली म्हणून, दुसरं म्हणतं जोड कच्चा होता म्हणून. शिकागोत २९ जून २००३ ला पोर्च कोसळून १३ जण गेले तेव्हाही हाच वाद झाला. दुसरं मत जास्त पटतं, कारण अमेरिकी नियमांत चौरस फुटाला ४० पौंड भार धरलेला असतो, त्यावर जोडांमध्ये राखीव ताकदही ठेवलेली असते, त्यामुळे नीट बांधलेला डेक एका पार्टीने सहसा पडत नाही.

हा जोड म्हणजे लेजर, घराच्या भिंतीला लावलेली आडवी जाड फळी, जिच्यावर डेकचं एक टोक टेकतं. तपासणीची सुरुवात इथूनच करावी, वरच्या फळ्या कितीही चकचकीत असल्या तरी. लेजर नुसत्या खिळ्यांनी ठोकलेला असेल तर तो धोका समजायचा, खिळा आडवा भार बऱ्यापैकी घेतो पण सरळ बाहेर ओढला की सुटतो, त्यात लाकूड ओलं-सुकं होत राहतं आणि पकड आणखी ढिली पडते. आरपार बोल्ट किंवा लॅग स्क्रू, म्हणजे बोल्टसारख्या डोक्याचे जाड स्क्रू, हवेत. वर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी हवी, नाहीतर पाणी मागे मुरतं. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही, ३०च्या आसपास गेला की तिला रान मोकळं. संशय आला तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून वर उचकटायचा: लांब चिरफाळी निघाली तर लाकूड बरं, आखूड तुकडा कटकन मोडला तर कुजलंय. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १६ जून २०१५ ला सहा जणांचा जीव घेणारी बाल्कनी (डेक नव्हे, पण आजार तोच) आतून अशीच कुजलेली होती, बाहेरून प्लास्टर ठीक दिसत होतं.

लोखंडाचा प्रश्न वेगळा, आणि बरेच तपासणारे तो विसरतात. लाकूड टिकवायला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाने आत घालायची पद्धत सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात काढली. आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत उत्पादकांनी २००३ अखेर घरगुती वापरासाठी ते बनवणं थांबवलं. नंतर आलेल्या मिश्रणांत तांबं जास्त, आणि तांब्यामुळे खिळे, बोल्ट, जॉइस्ट हँगर (तुळया धरणारे पत्र्याचे खोबे) लवकर गंजतात. त्यामुळे २००४ नंतरच्या डेकवर पातळ मुलाम्याचे साधे हँगर दिसले तर ते बदलायचेच, जाड गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्यायचे, आणि ॲल्युमिनियमची फ्लॅशिंग या लाकडाला थेट टेकू द्यायची नाही.

कठड्याबद्दल थोडक्यात: अमेरिकी घरगुती नियमांत डेक जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच असेल तर कठडा लागतो, उंची किमान ३६ इंच, फटीतून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये, आणि वरच्या दांड्याने २०० पौंडांचा ढकला सहन करायला हवा. हाताने हलवला आणि डुलला तर तो नापास. पायऱ्यांच्या उंचीत फरक नको आणि खांबांचे पाय मातीत पुरलेले नकोत.

प्लास्टिक-मिश्रित फळ्यांच्या डेकला तपासणी लागत नाही हा समज चुकीचा आहे, कारण फळ्या तेवढ्या तशा, खालचा सांगाडा बहुतेक वेळा लाकडाचाच असतो आणि पाणी तिथेच साचतं.