कश्ती आणि कुस्ती

फारसीत काफ, शीन, ते, ये ही चार अक्षरं ओळीनं आली की वाचणारा क्षणभर थांबतो. ऱ्हस्व स्वर लिहायची रीत नाही, त्यामुळे 'कश्ती' म्हणजे जहाज आणि 'कुश्ती' म्हणजे आपली कुस्ती, दोन्ही हुबेहूब एकसारखेच लिहितात. ('तू मारलंस' आणि 'तू पेरलंस' हेही तसंच!) म्हणून दोघांचं मूळ एकच असेल असं वाटतं. पण तसं नाही.

कश्ती आपल्याला भेटते उर्दू गझलेत, त्यामुळे डोळ्यांपुढे छोटी होडी येते. इराणात मात्र कश्ती म्हणजे मोठं जहाज; होडीला तिथे तुर्कीतून आलेला 'कायक' हा शब्द आहे. नूहचं (म्हणजे बायबलमधल्या नोहाचं) तारू ही कश्तीच, जहाज वाहतूक म्हणजे 'कश्तीरानी'. जुन्या कवितेत नावेच्या आकाराच्या मद्यपात्रालाही कश्ती म्हटलंय. आपल्या 'नाव'शी नातं सांगणारा शब्द फारसीत वेगळाच आहे, तोही 'नाव'च. संस्कृत 'नौ'चा तो भाऊबंद.

कुस्तीची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती पाण्यावर नाही, कमरेवर सुरू होते. पहलवी, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या भाषेत 'कुस्त' म्हणजे बाजू, बगल. त्यावरून 'कुस्तीग' म्हणजे कमरेचा पट्टा. तोच शब्द मुंबईच्या पारशी घरांत आजही जिवंत आहे. नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा झालेला पारशी सदऱ्यावर लोकरीच्या 72 धाग्यांची कुस्ती कमरेभोवती तीन वेढे घेऊन बांधतो. यस्ना या पारशी धर्मग्रंथाचे अध्याय 72, म्हणून धागेही तितकेच. काहीजण तिला 'कस्ती' म्हणतात, आणि मग घोटाळा आणखी वाढतो.

पट्ट्यापासून झुंजीपर्यंत शब्द कसा गेला? फारसीत कुस्ती खेळत नाहीत, 'धरतात': कुश्ती गिरिफ्तन. म्हणजे मुळात प्रतिस्पर्ध्याचा कमरपट्टा पकडणं. इराणच्या खोरासान भागात 'चुखा' नावाचं आखूड जाकीट घालून, त्यावर पट्टा आवळून आजही अशा कुस्त्या होतात. मराठी 'कुस्तीगीर'मधला 'गीर' याच गिरिफ्तनचा, म्हणजे धरणारा. लाल मातीत उतरणाऱ्या आपल्या पैलवानाच्या अंगावर फक्त लंगोट असतो, धरायला पट्टाच नाही. शब्दानं मात्र तो अजून सोडलेला नाही.

फारसी वाचताना म्हणून मी पुढचा तुकडा आधी बघते. 'बान' किंवा 'रान' आलं तर कश्ती, 'गीर' आलं तर कुश्ती.