टेबलावरचा दुसरा मॉनिटर: पार्श्वभूमी

फोर्टमधील एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात महिन्याच्या १४ तारखेनंतर डोकावले, तर बऱ्याच टेबलांवर सारखेच दृश्य दिसते. डाव्या मॉनिटरवर टॅलीतील खरेदीची नोंदवही उघडी असते, उजव्यावर जीएसटी पोर्टलवरून उतरवून घेतलेली जीएसटीआर-२बीची, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीची, एक्सेल फाइल असते आणि समोर बसलेला आर्टिकलशिपचा मुलगा एकेका ओळीवर बोट ठेवत बिले जुळवत असतो. पुरवठादाराने ‘००४५’ असा भरलेला बिल क्रमांक नोंदवहीत नुसता ‘४५’ पडलेला असतो, त्यामुळे सूत्राने न जुळलेली ती ओळ शेवटी डोळ्यांनीच जुळवावी लागते. मॉनिटर एकच असता, तर प्रत्येक ओळीसाठी खिडकी बदलावी लागली असती आणि तेवढा वेळ बिलाचा आकडा डोक्यात धरून ठेवावा लागला असता.

ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती उशिरा आली, हे सहसा लक्षात येत नाही. एका संगणकाला दोन मॉनिटर जोडणे १९८० च्या दशकातच शक्य झाले होते. सर्वसाधारण कार्यालयात ते रुजायला मात्र वीस-पंचवीस वर्षे लागली आणि या विलंबाचे कारण संगणकात होते त्यापेक्षा जास्त टेबलात होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसीसाठी दोन प्रकारची डिस्प्ले कार्डे मिळत. एक केवळ अक्षरे दाखवणारे, एकरंगी पण डोळ्यांना सुखद. दुसरे रंगीत आणि आकृत्या काढू शकणारे, पण अक्षरांच्या बाबतीत ओबडधोबड. या दोन कार्डांनी संगणकाच्या स्मृतीत वेगवेगळे पत्ते घेतले होते, म्हणून ती एकाच पेटीत एकत्र नांदू शकत. लोटस १-२-३ वापरणारा माणूस एका मॉनिटरवर आकड्यांचा तक्ता आणि दुसऱ्यावर त्याचा आलेख ठेवू शके, तर ऑटोकॅडवर काम करणारा ड्राफ्ट्समन एकावर नकाशा आणि दुसऱ्यावर आज्ञांच्या ओळी ठेवत असे. सॉफ्टवेअरमधील चुका शोधणाऱ्या प्रोग्रामरांनी तर ही जोडी पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. तरीही त्या व्यवस्थेत दोन्ही मॉनिटर परस्परांना अनोळखीच होते. एकावरची गोष्ट ओढून दुसऱ्यावर नेण्याची कल्पनाच तिथे नव्हती. शिवाय एकाच प्रकारची दोन कार्डे बसवली, तर ती एकाच पत्त्यावर हक्क सांगत आणि संगणक चालत नसे.

दोन मॉनिटर मिळून एकच सलग पृष्ठभाग, ही आजची कल्पना अ‍ॅपलच्या १९८७ सालच्या मॅकिंटॉश टू या संगणकाने वापरकर्त्यांच्या हाती दिली. त्यात कार्डांसाठी सहा खाचा होत्या आणि प्रत्येक मॉनिटर कुठे ठेवला आहे, हे छोटे चौकोन माउसने सरकवून संगणकाला सांगता येई. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये आज दिसणारे ‘१’ आणि ‘२’ असे आकडे लिहिलेले चौकोन त्याच घराण्यातले. विंडोजमध्ये ते यायला १९९८ साल उजाडावे लागले. विंडोज ९८ ने नऊ मॉनिटरांपर्यंत आणि विंडोज २००० ने दहापर्यंत मुभा दिली. त्याआधीच्या विंडोज एनटी ४ वर ज्यांना दोन मॉनिटर हवे असत, त्यांना कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, विसंबावे लागे. हा ड्रायव्हर दोन मॉनिटर म्हणजे एकच रुंद पडदा आहे, असे विंडोजला भासवी. परिणामी मधोमध उघडणारी प्रत्येक सूचना दोन मॉनिटरांच्या फटीत अर्धी-अर्धी कापली जाई.

आज सेटिंग्जमध्ये ‘मुख्य डिस्प्ले’ असा जो पर्याय दिसतो, त्याचे मूळही याच काळात आहे. संगणक सुरू होताना व्हीजीए या जुन्या डिस्प्ले पद्धतीच्या पत्त्यावर एकच कार्ड उत्तर देऊ शके. बाकीची कार्डे विंडोज जागे होईपर्यंत झोपलेली राहत. पहिले उठणारे कार्ड ते मुख्य, असा तो सरळ हिशेब होता. आज कोणता मॉनिटर मुख्य ठेवायचा ते वापरकर्ता ठरवतो, पण मोजमापाची पद्धत तीच राहिली आहे. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य-शून्य, आणि त्याच्या डावीकडे ठेवलेल्या मॉनिटरवरचे सर्व बिंदू उणे आकड्यांत. जुन्या सॉफ्टवेअरांच्या कर्त्यांनी पडद्यावरचे स्थान उणे असू शकते, हे गृहीतच धरलेले नसे. म्हणून अशा सॉफ्टवेअरचे मेनू आजही कधीकधी भलत्याच मॉनिटरवर उघडतात आणि काढून टाकलेल्या मॉनिटरवर एखादी खिडकी अडकून बसते. अशी खिडकी टास्कबारवर दिसते, पण हाती लागत नाही. ती निवडून ऑल्ट आणि स्पेस, मग एम आणि त्यानंतर बाणाची कळ दाबली की ती माउसला चिकटून परत येते. कार्यालयातील संगणक सांभाळणाऱ्यांना ही युक्ती तोंडपाठ असते.

मुंबईत एकापेक्षा जास्त पडदे आधी दिसले ते शेअर बाजाराच्या व्यवहारांत. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार पडद्यावर सुरू केले आणि १८७५ पासूनचा वारसा सांगणाऱ्या मुंबई शेअर बाजाराने १४ मार्च १९९५ रोजी ‘बोल्ट’ प्रणाली आणली. जीजीभॉय टॉवरमधील रिंगणातला आरडाओरडा थांबला आणि दलालांच्या कार्यालयांत टर्मिनले आली. परंतु दलालाच्या टेबलावर दोन बाजारांचे दोन पडदे दिसत, तेव्हा त्यामागे बहुधा दोन स्वतंत्र संगणक आणि दोन कळफलक असत. एका पडद्यावरचा भाव पाहून दुसऱ्या कळफलकाकडे वळायचे, असा तो उद्योग होता. ‘दलाल स्ट्रीटवर तेव्हापासूनच मल्टी-मॉनिटर होते’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते म्हणूनच पूर्णपणे खरे नाही. पडदे अनेक असणे आणि एका संगणकाला अनेक पडदे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९९९ साली मॅट्रॉक्स कंपनीच्या जी४०० कार्डाने एकाच कार्डावर दोन मॉनिटरांची सोय आणली. इतर कंपन्याही लवकरच त्या वाटेने गेल्या आणि तांत्रिक अडचण जवळपास संपली. तरीही कार्यालयांत दुसरा मॉनिटर आला नाही, कारण तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता. १७ इंची काचेच्या नळीचा मॉनिटर १५ किलोच्या किंवा त्याहून अधिक वजनाचा, आणि त्याची पाठ दीड फुटाच्या आसपास मागे गेलेली असे. दोन फूट खोलीच्या टेबलावर तो ठेवला की कळफलकापुढे मनगट टेकायलाही जागा उरत नसे. फोर्ट किंवा नरिमन पॉइंट येथे, जिथे भाडे चौरस फुटावर मोजले जाते, तिथे त्यासाठी मोठे टेबल द्यायला कोणता मालक तयार होणार? त्यातून दोन नळ्या शेजारी ठेवल्या, तर एकीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुसरीवरचे चित्र थरथरे, आणि दोघींची उष्णता वातानुकूलन यंत्राच्या बिलात उतरे ती वेगळीच.

ही कोंडी सपाट एलसीडी मॉनिटरांनी फोडली. २००० नंतरच्या दशकात त्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या. भारताने १९९७ साली माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली होती आणि त्यानुसार संगणक सामग्रीवरील आयात शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले, त्याचाही यात वाटा होता. ज्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ज्याला सगळे लॅमिंग्टन रोड म्हणतात, तिथून मॉनिटर आणायचा तर पूर्वी टेम्पो किंवा हमाल लागे. सपाट मॉनिटरचे खोके मात्र माणूस काखेत धरून ग्रँट रोडला लोकलमध्ये चढू शकतो. मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंसाठी बहुधा १०० मिलिमीटर अंतराने असलेल्या भोकांच्या प्रमाणित मापामुळे तो टेबलाच्या कडेला पकडलेल्या आर्मवरही चढू लागला आणि टेबलावरची जागा पूर्णच मोकळी झाली.

टेबलाचा प्रश्न सुटला तसा केबलचा प्रश्न पुढे आला, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. १५ पिनांचा निळा व्हीजीए जोड १९८७ सालचा, डीव्हीआय १९९९ चा, एचडीएमआयचे पहिले विनिर्देश डिसेंबर २००२ चे आणि डिस्प्लेपोर्ट २००६ चा. २०१० च्या डिसेंबरमध्ये इंटेल, एएमडी आणि मोठ्या संगणक कंपन्यांनी २०१५ पर्यंत व्हीजीएला निरोप देण्याची घोषणा केली. पण कपाटाच्या खालच्या खणात व्हीजीए केबलचे भेंडोळे नाही, असे मुंबईतील जुने कार्यालय शोधूनही सापडायचे नाही. या केबलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे रंग अनुक्रमे पहिल्या तीन पिनांवरून स्वतंत्रपणे जातात. घाईत केबल तिरकी खोचली गेली आणि पहिली पिन वाकली, तर सारा पडदा निळसर-हिरवा होतो आणि दोष बिचाऱ्या मॉनिटरला दिला जातो. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे नवे ग्राफिक्स कार्ड बसवूनही केबल मदरबोर्डच्याच पोर्टमध्ये ठेवणे. कार्ड असले की बरेच संगणक मदरबोर्डवरील पोर्ट आपोआप बंद करतात, आणि मग ‘सिग्नल नाही’ एवढेच दोन शब्द उरतात.

लॅपटॉप आल्यावर एका केबलमध्ये सगळे मावावे, अशी मागणी सुरू झाली. २०१० सालच्या डिस्प्लेपोर्ट १.२ ने एका मॉनिटरमधून दुसऱ्यात केबल नेऊन साखळी करण्याची सोय दिली आणि २०१४ पासून युएसबी-सी मधूनही हाच डिस्प्ले सिग्नल जाऊ लागला. लॅपटॉपला एका केबलने मॉनिटर आणि इतर साधने जोडून देणारी पेटी, म्हणजे डॉक, विकत घेण्यापूर्वी एक बाब मात्र तपासायला हवी. ही साखळीची पद्धत अ‍ॅपलच्या मॅकओएसला दोन स्वतंत्र पडद्यांसाठी मान्य नाही, त्यामुळे विंडोज लॅपटॉपवर नीट चालणारा डॉक मॅकबुकला जोडला की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र उमटते.

विंडोजमधील बारीकसारीक सुधारणाही रेंगाळत आल्या. विंडोज की आणि पी दाबून डुप्लिकेट (दोन्हींवर एकच चित्र) की एक्सटेंड (दोन्ही मिळून सलग पृष्ठभाग) ते निवडणे २००९ च्या विंडोज ७ मध्ये आले. दुसऱ्या मॉनिटरवर टास्कबार यायला २०१२ चे विंडोज ८ लागले. दोन मॉनिटरांसाठी अक्षरांचा आकार वेगवेगळा ठेवणे तर २०१३ च्या ८.१ पासूनच जमू लागले आणि जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरे दुसऱ्या पडद्यावर अजूनही धूसर दिसतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कार्यालयातले मॉनिटर अनेकांच्या घरी गेले. वन-रूम-किचनमध्ये पुन्हा टेबलाचाच प्रश्न उभा राहिला. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी ठरावीक जागा देणे बंद केले. आता रोज नवे टेबल, नवा डॉक आणि आदल्या दिवशी दुसऱ्याच कोणीतरी हलवलेले मॉनिटर. २०२१ च्या विंडोज ११ ने केबल काढून पुन्हा लावल्यावर खिडक्या जागच्या जागी परत ठेवण्याची व्यवस्था केली, तिचा उपयोग इथे होतो. पण प्रत्येक मॉनिटर संगणकाला स्वतःची जी ओळख कळवतो, त्या १९९४ पासून चालत आलेल्या १२८ बाइटच्या मूळ नोंदीत निर्मात्याचे नाव असते, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये असते, तो टेबलाच्या कोणत्या बाजूला आहे हे मात्र नसते. म्हणून सकाळी नव्या टेबलावर माउस उजवीकडे नेला की तो भिंतीला अडल्यासारखा थांबतो, डाव्या कडेतून बाहेर पडतो, आणि बसलेला माणूस सेटिंग्ज उघडून ‘२’ लिहिलेला चौकोन ‘१’ च्या पलीकडे ओढतो.